चाकाने कुठवर जावे

अमेरिकेची वनसेवा मोटारवापराचा जो नकाशा फुकट वाटते, त्याहून कुरूप नकाशा मी पाहिलेला नाही. त्यावर रंग नाही, उंचीच्या रेषा नाहीत, डोंगरांची छाया नाही. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघा, तुटक रेघा, ठिपक्यांच्या रेघा आणि चष्मा कपाळावर सरकवून, कागद नाकाशी धरून वाचावे लागणारे क्रमांक, एवढाच त्याचा ऐवज. सोबत एक तक्ता असतो: कोणता रस्ता कोणत्या वाहनाला, वर्षातल्या कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत खुला, याचा. वाट शोधायला हा नकाशा जवळजवळ निरुपयोगी आहे, आणि तरीही या देशाच्या पश्चिमेकडल्या राष्ट्रीय वनांत भटकताना मी सर्वांत जास्त वेळ त्याच्याकडेच पाहत बसलेली असते, कारण तो वाटाड्या नसून कायदा आहे. त्यावर जी रेघ नाही तिथे गाडी नेणे हा गुन्हा. रानात प्रत्यक्ष ठळक चाकोरी दिसत असली, फाटक नसले, पाटी कोणी उपटून नेली असली, तरी नकाशात नाही म्हणजे नाही; आणि नकाशा जवळ नव्हता ही सबब चालत नाही.

हा नकाशा २००५ सालच्या नियमातून आला. त्याआधी पुष्कळ राष्ट्रीय वनांत रीत उलटी होती: जिथे बंदीची पाटी नाही ते सगळे खुले. रानात शिरणारी मोटार म्हणजे महायुद्धातून उरलेली एखादी जीप, अशा दिवसांत ही रीत खपून गेली. पुढे डर्ट बाईक, म्हणजे कच्च्या वाटांवरच्या मोटारसायकली, हलक्या झाल्या, जाड टायरांच्या छोट्या उघड्या गाड्या, तीनचाकी आणि मग चारचाकी एटीव्ही, आल्या, दोघांनी शेजारी बसायची, छत आणि पट्टे असलेली साइड-बाय-साइड आली, आणि जी चढण पूर्वी खेचराचा घाम काढत असे ती शनिवारच्या सुटीत कोणीही हसतखेळत चढू लागला. धोका लवकर दिसला नव्हता असे म्हणता येणार नाही. १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आदेश काढला की सार्वजनिक जमिनीवर वाहनांसाठी जागा आणि वाटा नेमताना माती, पाणलोट आणि वनस्पतींची हानी, वन्यप्राण्यांना होणारा उपद्रव आणि इतर येणाऱ्याजाणाऱ्यांशी होणारे तंटे कमीत कमी राहतील हे पाहावे. १९७७ साली कार्टर यांनी त्यात भर घातली की जिथे मोठी हानी होताना दिसेल तिथे ती वाट ताबडतोब बंद करावी. दोन पक्षांचे दोन अध्यक्ष एकच गोष्ट सांगत होते. तरीही प्रत्येक वनाने आपला नकाशा काढलाच पाहिजे असे म्हणायला २००५ उजाडले. मधल्या तेहतीस वर्षांत चाकांनी हजारो मैल वाटा आपल्या आपण पाडल्या आणि त्यांची वहिवाट झाली. नकाशा आखायला बसलेल्या अधिकाऱ्यासमोर मग एका बाजूला अध्यक्षांचा आदेश होता, आणि दुसऱ्या बाजूला, आमचे वडील याच वाटेने एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला जात, असे सांगणारे गाव. गाव खोटे बोलत नव्हते, हीच त्यातली अडचण होती.

या भांडणाकडे सामान्यतः आवाज विरुद्ध शांतता, किंवा धूर विरुद्ध झाडे, असे पाहिले जाते. मला इतकी वर्षे रानात चालून असे वाटू लागले आहे की मोटार रानातून मुख्यतः जे काढून घेते ते अंतर होय. शांतता इंजिन बंद झाल्यावर परत येते; माती पैसे आणि वर्षे घालून बऱ्याच अंशी परत आणता येते; पण एखादी दरी तीन दिवसांच्या अंतरावर असणे हा जो तिचा गुण आहे, तो तिथपर्यंत चाक पोहोचले की संपतो, मग ते चाक कितीही सभ्य माणसाचे असो.

रक्षित रानाची (वाइल्डरनेसची) कल्पना ज्यांनी मांडली त्यांना हे स्वच्छ कळले होते. १९१९ साली आर्थर कारहार्ट या तरुण आखणीकाराला वनसेवेने कोलोरॅडोतील ट्रॅपर्स लेक या तळ्यावर पाठवले, ते काठाने रस्ता आणि उन्हाळी घरांचे भूखंड आखण्यासाठी. त्याने मोजणी केली आणि वरिष्ठांना कळवले की इथे काहीच न बांधणे उत्तम. तिथे आजही काठाने घरांची रांग नाही. दोन वर्षांनी आल्डो लिओपोल्ड या वनाधिकाऱ्याने रक्षित रान कशाला म्हणावे याचे माप सुचवले: जिथे रस्ता नाही आणि जे सामानाचे घोडे घेऊन दोन आठवडे भटकण्याइतके मोठे आहे, ते. या मापात झाडांची जात नाही, प्राण्यांची संख्या नाही, देखावा नाही; दिवस आहेत. त्याच्याच आग्रहाने १९२४ साली न्यू मेक्सिकोतील गिला वनाचा सुमारे साडेसात लाख एकरांचा भाग रस्त्यांपासून राखून ठेवला गेला. त्या काळात फोर्डची मोटार मध्यमवर्गाच्या दारात आली होती आणि हे लोक तिच्या चाकाकडे पाहूनच रेघ ओढत होते, कुऱ्हाडीकडे पाहून नव्हे.

पुढे हेच विमानाच्या बाबतीत घडले. मिनेसोटाच्या उत्तरेला, कॅनडाच्या सरहद्दीवर बाउंड्री वॉटर्स नावाचा तळ्यांचा प्रदेश आहे. तिथे होडी वल्हवत जायचे, तळे संपले की होडी डोक्यावर घेऊन पुढच्या तळ्यापर्यंत चालायचे, असा प्रवास असतो. दुसऱ्या महायुद्धानंतर आतल्या तळ्यांवर मासेमारीची निवासस्थाने निघाली आणि पाण्यावर उतरणारी विमाने गिऱ्हाइकांना थेट तिथे नेऊ लागली. खांद्याला घट्टे पाडून कोणी एखाद्या तळ्यावर पोहोचावे आणि तिथे सकाळी शहरातून निघालेली मंडळी गळ टाकून बसलेली असावीत, हे रोजचे झाले. १९४९ च्या डिसेंबरात ट्रूमन यांनी त्या प्रदेशावर समुद्रसपाटीपासून ४,००० फुटांखाली उड्डाण करायला बंदी केली. रानासाठी आकाश राखून ठेवण्याची ही गोष्ट मला फार आवडते, कारण तिथे ना माती उकरली जात होती ना झाड तुटत होते. वाचवायचे होते ते फक्त दूर असणे.

३ सप्टेंबर १९६४ रोजी लिंडन जॉन्सन यांनी सही केलेल्या वाइल्डरनेस कायद्याने हे सगळे एका कलमात आणले. रक्षित रानात रस्ता नाही, मोटार नाही, मोटारबोट नाही, विमान उतरवणे नाही, मोटारीवर चालणारे अवजार नाही आणि वाहतुकीचे कोणतेही यांत्रिक साधन नाही. या शेवटच्या शब्दांमुळे सायकलही बाहेरच राहते. वाटेवर पडलेले झाड बाजूला करायला वनसेवेचे स्वतःचे कर्मचारीही तिथे साखळीकरवत नेत नाहीत. दोघांनी दोन टोकांना धरून ओढायची लांब करवत वापरतात. सुरुवातीला सुमारे ९१ लाख एकर या कायद्याखाली आले. आज हा आकडा ११ कोटी एकरांच्या वर आहे, त्यातले निम्म्याहून अधिक अलास्कात. कायदा कडक असला तरी सोवळा नाही. आयडाहोतील फ्रँक चर्च रिव्हर ऑफ नो रिटर्न या अवाढव्य रक्षित रानात जुन्या धावपट्ट्यांवर छोटी विमाने आजही उतरतात आणि सॅमन नदीत जेटबोटी चालतात, कारण १९८० साली ते रान राखताना या गोष्टी आधीपासून होत्या. बाउंड्री वॉटर्समध्ये १९७८ च्या कायद्याने काही तळ्यांवर मोटारबोटींना मुभा दिली, पण इंजिन कुठे २५ अश्वशक्तीचे, कुठे १० चे, अशा मर्यादेत. शुद्धतावाद्यांना या सवलती खुपतात. मला वाटते, हे कायदे टिकले त्यात या सवलतींचाही वाटा आहे.

आता प्रत्यक्ष वाटणी कशी आहे ते पाहावे. राष्ट्रीय वनांचा एकूण विस्तार सुमारे १९ कोटी ३० लाख एकर आहे. त्यातला एक पंचमांशाहून थोडा कमी भाग वाइल्डरनेस म्हणून राखलेला आहे. दुसऱ्या टोकाला वनसेवेच्या रस्त्यांची लांबी सुमारे ३,७०,००० मैल आहे. सगळे जनतेला खुले नाहीत, अनेक लाकूडतोडीसाठी केलेले आणि आता झुडपांनी भरत चाललेले आहेत, पण पृथ्वीच्या विषुववृत्ताला चौदा वेढे देऊन उरेल एवढी ती लांबी आहे. या दोहोंच्या मध्ये जी ५ कोटी ८५ लाख एकर रस्ता नसलेली जमीन आहे, तिथेच खरा तंटा आहे. २००१ च्या नियमाने तिथे नवे रस्ते करायला मनाई केली, आणि आयडाहो व कोलोरॅडोने पुढे आपापले वेगळे नियम करून घेतले. २०२५ च्या जूनमध्ये कृषिमंत्र्यांनी तो राष्ट्रीय नियमच मागे घेण्याचा इरादा जाहीर केला, तेव्हापासून ही चर्चा पुन्हा तापली आहे. एक गोष्ट मात्र दोन्ही बाजूंचे लोक सोयीस्करपणे विसरतात: त्या नियमाने मोटारीच्या वाटांना मनाई केलेलीच नव्हती. रस्ता नसलेल्या रानातूनही नेमून दिलेल्या अरुंद वाटेवर डर्ट बाईक कायदेशीरपणे जाऊ शकते आणि अनेक ठिकाणी जाते. तेव्हा रस्ता नाही म्हणजे रान मोटारमुक्त आहे असे समजणारा चालणारा आणि नियम असला म्हणजे आमचा खेळ संपला असे समजणारा बाईकवाला, दोघेही एकाच चुकीच्या समजुतीवर भांडत असतात.

आयडाहोतल्या एका खिंडीत मला एक वृद्ध जोडपे भेटले होते. साइड-बाय-साइड सावलीत लावून दोघे डबा खात बसले होते. मला खालून तिथवर चढून यायला अख्खी सकाळ गेली होती. त्यांना पाऊण तास. आजोबांनी न विचारता माझी बाटली भरून दिली. त्यांच्याकडे तोच कुरूप नकाशा होता, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला, आणि माझ्यापेक्षा तो त्यांना कितीतरी चांगला वाचता येत होता. ती वाट ५० इंचांपर्यंत रुंद वाहनांसाठीच नेमलेली होती. हल्लीच्या बहुतेक साइड-बाय-साइड त्याहून रुंद असतात. यांनी गाडी घेताना दुकानात टेप नेऊन दोन्ही चाकांच्या बाहेरच्या कडांपासून माप घेतले होते, आणि ते माप घेताना दुकानदाराचा चेहरा कसा झाला होता ते दोघांनी हसत सांगितले. आजींच्या कंबरेचे ऑपरेशन झाले होते. खिंडीपलीकडच्या उतारावर झाडीत एक तळे चकाकत होते आणि वाट त्याच्या बरीच अलीकडे संपत होती. आजोबा म्हणाले, "त्या तळ्यावर आम्ही लग्नानंतर पायी गेलो होतो. आता गुडघे गेले, तर आमचे तळेही गेले, असेच ना? जंगल मजबूत पायांच्या लोकांसाठीच राखायचे असे ठरले असेल तर तसे स्पष्ट लिहा तरी."

या प्रश्नाला कायद्यात एक उत्तर आहे, पण ते पुरे नाही. अपंगांच्या हक्कांच्या १९९० च्या कायद्याने स्पष्ट केले आहे की ज्याला चाकाची खुर्ची लागते त्याला ती वाइल्डरनेसमध्येही नेता येते, बॅटरीची असली तरी, घरात वापरता येण्यासारखी असली म्हणजे झाले. कागदावर हे उदार आहे. खडकाळ चढणीवर त्याचा उपयोग किती, हे कोणालाही कळते. मी आजोबांना म्हटले की वाट तळ्यापर्यंत नेऊ नये असेच माझे मत आहे. ते म्हणाले की मत त्यांना मान्य नाही, आणि सफरचंदाची फोड पुढे केली. मला आजही त्यांचा दावा खरा वाटतो आणि माझे उत्तरही बरोबर वाटते. वाट तळ्यापर्यंत गेली असती तर ती एकट्या त्यांच्यासाठी गेली नसती. टेप घेऊन दुकानात न जाणाऱ्यांसाठीही गेली असती. आणि मुख्य म्हणजे ते तळे मग कोणासाठीच दूर उरले नसते. ज्या तळ्याची त्यांना आठवण होती, ते चालत जाऊन गाठलेले तळे होते. हे मी त्यांना बोलून दाखवले नाही. पाणी भरून देणाऱ्याला असले काही ऐकवू नये.

तरीही या दोन प्रकारच्या वापरांना तराजूच्या दोन सारख्या पारड्यांत घालता येत नाही. एका दरीत वीस माणसे चालत असली तरी बहुधा एकमेकांना दिसतही नाहीत. एक बाईक मात्र सकाळपासून दुपारपर्यंत चार दऱ्या ओलांडते आणि चारही दऱ्यांतल्या प्रत्येकाच्या कानात जाते. कॅलिफोर्नियात अशा वाहनाचा आवाज ९६ डेसिबलच्या आत असावा लागतो, आणि तो मोजायचा धुराड्यापासून २० इंचांवर. नियम चांगला आहे, पण कड्याकड्यांवरून परतणारा आवाज २० इंचांवर थांबत नसतो. चालणाऱ्याची सुटी त्या आवाजाने बिघडते. चालणाऱ्यामुळे बाईकवाल्याची सुटी क्वचितच बिघडते. म्हणून तक्रारी नेहमी एकाच बाजूने येतात आणि दुसऱ्या बाजूला त्या कांगावा वाटतात. हेल्मेटच्या आत स्वतःच्याच इंजिनाचा आवाज भरलेला असतो. आपण मागे काय सोडून जात आहोत हे चालकाला ऐकूच येत नाही, त्यात दुष्टपणा नसतो.

मातीचे गणित वेगळे आहे. खडीच्या कोरड्या दांडावर चाकाने फारसे बिघडत नाही. घोड्यांच्या काफिल्याने त्याहून जास्त बिघडलेले मी पाहिले आहे. बिघडते ते बर्फ वितळल्यावर, पाणथळ गवताळ माळांवर. अशा एका माळावर गेल्या उन्हाळ्यात मी बराच वेळ थांबले. कोणीतरी वसंतात, वाट उघडण्याच्या तारखेआधी, एकच फेरी मारली असावी, कारण चाकांचे माग दोनच होते. ते वीतभर खोल होते आणि त्यांच्या तळाशी पाणी वाहत होते, अगदी सावकाश, पण वाहत होते. माळाची जमीन उन्हाळाभर जे पाणी अंगात धरून ठेवते, त्याला बाहेर पडायला दोन सरळ पाट मिळाले होते. मागाच्या कडेचे हिरवे लव्हाळे पिवळे पडू लागले होते आणि हातभर अंतरावर कोरड्या जमिनीतले झुडूप डोके वर काढत होते. दुसरे माग अजून पडले नव्हते. पडले असते तर पहिल्या चिखलाला टाळून शेजारून पडले असते, मग त्याच्याही शेजारून, आणि दोन माग होते तिथे थोड्याच हंगामांत साऱ्या माळभर पेड सुटले असते. खाली ओढ्यात हा बारीक गाळ गेला की ट्राउट मासे ज्या गोट्यांच्या फटींत अंडी घालतात त्या फटी बुजतात आणि अंड्यांना हवेशीर पाणी मिळत नाही. गाडीच्या पोटाला चिकटलेल्या चिखलातून नॅपवीडसारख्या परक्या तणाचे बी आत जाते, ते वेगळेच. या सगळ्यावर उपाय म्हणून नकाशासोबतच्या तक्त्यातल्या त्या रुक्ष तारखा असतात. मला विचाराल तर त्या संबंध कागदावर सर्वांत मोलाची गोष्ट त्याच होत.

प्राण्यांविषयी बोलताना आम्ही चालणारी माणसे स्वतःला निष्पाप समजतो. ओरेगनमध्ये ला ग्रँड गावाजवळ स्टार्की नावाचे प्रायोगिक वन आहे. त्याला उंच कुंपण घातलेले आहे आणि आतल्या एल्कच्या हालचालींवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले गेले आहे. तिथे एटीव्ही, सायकल, घोडा आणि पायी चालणे या चारही प्रकारांची पारख करून पाहिली, तेव्हा एल्क चौघांपासूनही दूर सरकले. एटीव्हीपासून सर्वांत जास्त, हे खरे. पण माझ्यापासूनही, हेही खरे. फरक असा की दिवसभरात मी जेवढ्या एल्कना उठवीन तेवढ्यांना एटीव्ही एका तासात उठवते, कारण ती तेवढी जमीन ओलांडते. इथेही मुद्दा अंतराचाच आहे.

हिवाळ्यात तो अधिक बोचरा होतो. स्नोमोबाइलला वाट लागत नाही. बर्फ पडला की सगळा डोंगरच वाट. २००५ च्या नियमाने या वाहनांसाठी नकाशा सक्तीचा केला नव्हता. २०१३ साली आयडाहोच्या संघीय न्यायालयाने ही सूट कायद्यात बसत नाही असा निकाल दिला आणि २०१५ पासून बर्फावरच्या वाहनांनाही जागा नेमून देणे बंधनकारक झाले. बऱ्याच वनांचे हे काम अजून चालूच आहे. दरम्यान वुल्व्हरीन ही लहान अस्वलासारख्या दिसणाऱ्या शिकारी प्राण्याची जात, जिची मादी हिवाळ्याच्या अखेरीस खोल बर्फात बीळ करून पिल्ले घालते, ती २०२३ च्या नोव्हेंबरात अलास्काबाहेरच्या राज्यांत धोक्यातील जात म्हणून नोंदली गेली. आयडाहो, वॉशिंग्टन आणि ब्रिटिश कोलंबियाच्या सीमेवरच्या सेल्कर्क डोंगरांत कॅरिबूचा, म्हणजे रेनडिअरचा, एक कळप होता. न्यायालयाने तिथे स्नोमोबाइलवर निर्बंध घातले, पण तोवर कळप पन्नाशीच्या आत आला होता. २०१९ च्या जानेवारीत उरलीसुरली मादी पकडून कॅनडात बंदिस्त जागेत नेली आणि त्या राज्यांतला कॅरिबू संपला. त्याला स्नोमोबाइलने मारले असे म्हणणे अन्यायाचे होईल. जुने जंगल तोडले गेले, मग हरणे आली, हरणांमागे लांडगे आणि प्यूमा आले, हे मुख्य कारण. पण ज्याचे सगळे बाजूंनी आक्रसत चालले आहे त्याला हिवाळ्यात पळायला लावणे परवडत नाही.

मग मोटारवाल्यांना द्यायचे काय? माझ्या मते भरपूर, आणि मनापासून. यूटातील फिशलेक राष्ट्रीय वनात पायूट ट्रेल नावाची एटीव्हीची वाट आहे. तिचे मुख्य वलय सुमारे २७५ मैलांचे आहे, ती डोंगरातून फिरत गावांत उतरते, तिथे लोक पेट्रोल भरतात, मुक्काम करतात, आणि दुसऱ्या दिवशी पुढे जातात. वलय पूर्ण होते, त्याच वाटेने परतावे लागत नाही, हे त्यातले मर्म. जिथे वाट एखाद्या ओंडक्यापाशी अचानक संपते तिथे पुढे चाक घालण्याचा मोह होतोच, आणि बहुतेक बेकायदा चाकोऱ्या मी अशाच खुंटलेल्या टोकांना फुटलेल्या पाहिल्या आहेत. चांगली, लांब, जोडलेली वाट देणे हा रान राखण्याचाच भाग आहे, उपकार नव्हे. शिवाय पैशांचाही हिशेब चालणाऱ्यांनी एकदा पाहावा. करमणुकीसाठी रस्त्याबाहेर जाणाऱ्या वाहनांच्या इंधनावरील करातून १९९१ पासून वाटांसाठी एक संघीय निधी राज्यांना मिळतो. त्यातले तीस टक्के मोटारीच्या वाटांवर, तीस टक्के बिनमोटारीच्या वाटांवर आणि उरलेले चाळीस टक्के अनेकांनी मिळून वापरायच्या वाटांवर खर्चावे लागतात. ज्या धुरावर आपण नाक मुरडतो त्याच धुराच्या करातून आपल्या पायाखालचा एखादा लाकडी साकव आलेला असतो.

वाटणी समोरासमोर बसून कशी होते याचे एक उदाहरण आयडाहोतील बोल्डर-व्हाइट क्लाउड्सचे आहे. अमेरिकी संसदेतले तिथले प्रतिनिधी माइक सिम्पसन यांनी सुमारे पंधरा वर्षे या एका विधेयकाचा पिच्छा पुरवला. २०१५ च्या ऑगस्टमध्ये ओबामा यांनी सही केली, तेव्हा २,७५,००० एकरांहून थोडी अधिक जमीन तीन वेगवेगळ्या वाइल्डरनेसमध्ये राखली गेली. एकच सलग रान न करता तीन का केली, याचे उत्तर नकाशावर दिसते: त्यांच्यामधून जर्मेनिया क्रीकची वाट जाते, आणि ती मोटारबाइकसाठी खुली ठेवायची होती. मोटारवाल्यांना त्यांची वाट मिळाली, रान राखणाऱ्यांना शिखरे मिळाली, आणि किंमत मोजली ती मुख्यतः डोंगरी सायकलवाल्यांनी, ज्यांच्या कॅसल डिव्हाइड आणि अँट्स बेसिन या दोन आवडत्या वाटा रक्षित हद्दीत गेल्या. सायकलवाले तोवर स्वतःला रानाचे मित्रच समजत होते, त्यामुळे त्यांचा राग अधिक. मला त्यांच्याबद्दल सहानुभूती आहे, पण ती रेघ मी पुसणार नाही. सायकल शांत आहे, तरीही पायी दिवसभराची वाट ती सकाळच्या दोन तासांत संपवते.

विजेवरच्या गाड्यांनी हाच प्रश्न आता सर्वांपुढे आणला आहे. विजेवरची डर्ट बाईक जवळून गेली तर साखळीची सळसळ आणि खड्यांचा चुरचुर आवाज, एवढेच ऐकू येते. पॅडल मारायच्या ई-बाईक तर त्याहून मुकाट. २०२२ साली वनसेवेने आपल्या सूचनांत ई-बाईक हे मोटारवाहनच मानले आणि ज्या वाटा त्यांच्यासाठी नेमून दिल्या असतील तिथेच त्यांना जाऊ द्यावे असे ठरवले. यावर येणारा आक्षेप तर्काला धरून आहे: धूर नाही, आवाज नाही, मग तक्रार कशाची? ज्यांनी आजवर केवळ आवाजाच्या नावाने मोटारीला विरोध केला त्यांच्यापाशी याला उत्तर नाही. उत्तर लिओपोल्डच्या मापात आहे. दोन आठवड्यांचे रान मुक्या चाकानेही दोन दिवसांचेच होते. उलट आवाज होता तेव्हा प्राण्याला निदान आधी कळत तरी होते. बॅटरी दर वर्षी थोडी लांब जाते आहे, आणि पेट्रोल संपण्याच्या भीतीने जी दरी आजवर आपोआप राखली गेली तिला आता कागदावर नाव घेऊन राखावे लागेल.

आणि कागद पुरत नाही, हेही सांगितले पाहिजे. नकाशात नसलेली चाकोरी बंद करायची म्हणजे काय करतात, हे मी एकदा जवळून पाहिले. स्वयंसेवकांची एक तुकडी होती, त्यात दोघे चक्क एटीव्हीवाले. त्यांनी फाट्यापाशी घट्ट झालेली माती कुदळीने उकरून मोकळी केली, आजूबाजूचे बी गोळा करून पेरले, वाळलेले ओंडके आडवे टाकले, आणि मग एक गोष्ट केली जी मला आधी वेडेपणाची वाटली: मेलेली झुडपे मुळांसकट आणून चाकोरीत उभी पुरली, ती जिवंत वाटावीत अशी. मागची दोन मैल चाकोरी तशीच सोडली. तुकडीच्या म्होरक्या बाई म्हणाल्या की सगळी बुजवायला ना माणसे आहेत ना पैसा. रस्त्यावरून नजर जाते तेवढे पहिले शंभर-दीडशे फूट दिसेनासे केले की बहुतेक गाड्या वळतच नाहीत, आणि चाके यायची थांबली की उरलेले काम गवत आपल्या वेगाने करते. पाटी लावली तर ती चार महिन्यांत गोळ्यांनी चाळणी होते किंवा उपटली जाते; पुरलेले झुडूप कोणी उपटत नाही. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तुकडीने असे तीन फाटे बुजवले, आणि त्याच रस्त्यावर पुढे आणखी अकरा बाकी असल्याचे त्यांच्या यादीत मी वाचले.